दुर्गम पाड्यांवरचे सौरसंच : नवे देण्याआधी बंद पडलेले उघडून बघूया

पायवाट

नमस्कार मंडळी,

दिवाळी जवळ आली की आमच्या गटाकडे एक विचारणा हमखास येते, "सातपुड्यातल्या एखाद्या पाड्याला सोलर द्यायचंय, नाव सुचवा." देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. अडचण अशी आहे की ज्या पाड्यांची नावं आम्ही सुचवणार, तिथल्या बऱ्याच घरांसमोर पॅनल आधीच उभं आहे. रात्री दिवा मात्र लागत नाही.

ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. नंदुरबार जिल्ह्यातले अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) हे दोन तालुके. अक्कलकुवा म्हणजे राज्यातला १ क्रमांकाचा विधानसभा मतदारसंघ. सातपुड्याच्या रांगा इथून नर्मदेकडे उतरतात. वस्ती भिल्ल आणि पावरा लोकांची. पाडा म्हटलं की एका जागी दाटीने वसलेली घरं डोळ्यांसमोर येतात, इथे तसं नाही. आपापल्या शेताजवळ, एकेका टेकडीवर एकेक घर. एका घरून दुसऱ्या घरी जायचं तर नाला उतरून पुन्हा चढायचं. काही ठिकाणी सरदार सरोवराच्या फुगवट्यातून बोटीनेच पोचता येतं. त्या धरणाची वीजनिर्मितीची क्षमता १४५० मेगावॅट आणि त्यातला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा. त्याच पाण्याच्या काठावर आजही चिमणीच्या उजेडात भाकरी थापली जाते. मला हे सहन होत नाही, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

२०१७ मध्ये घरोघरी वीज पोचवण्याची केंद्राची 'सौभाग्य' योजना आली. जिथे खांब नेणं शक्य नाही अशा घरांना २०० ते ३०० वॅटचं पॅनल, बॅटरी, पाच एलईडी दिवे, एक डीसी (थेट बॅटरीवर चालणारा) पंखा, एक डीसी प्लग आणि पाच वर्षांची देखभाल असा संच त्यात ठरलेला होता. शिवाय संस्थांनी, कंपन्यांनी, देणगीदारांनी दिलेले संच वेगळेच. देखभालीची मुदत केव्हाच संपली. ती चालू होती तेव्हाही दुरुस्तीला माणूस वर चढून आला, असं सांगणारी घरं मला कमीच भेटली.

आता मुद्द्याचं. आम्ही बंद पडलेले संच उघडायला लागलो तेव्हा वाटलं होतं की पॅनल खराब असतील. पॅनल जवळपास सगळी धडधाकट निघाली. एका घरातलं सांगतो. पॅनलच्या तारा सोडवून मीटर लावला तर २०.८ व्होल्ट, म्हणजे पॅनल ठणठणीत. बॅटरीवर १०.४, म्हणजे पार उतरलेली. बॅटरीची पेटी चुलीला लागून ठेवलेली, झाकणावर काजळी, धन टोकावर निळसर-पांढऱ्या पावडरीचा गोळा. बुचं काढली तर सहापैकी तीन कप्प्यांत प्लेटा उघड्या पडलेल्या. फ्यूजच्या जागी वायरीतले तांब्याचे तंतू पिळून बसवलेले. आणि होल्डरमध्ये मोलगीच्या बाजारातून आणलेला घरगुती २३० व्होल्टचा दिवा! डीसी आणि एसी (लाइनवरच्या) दिव्यांचं होल्डर सारखंच असतं, बसतो तर लागला पाहिजे असं कोणालाही वाटेल. घरातली आजी म्हणाली, "पावसाळ्यात गेला, मग आलाच नाही."

त्या घरात बॅटरी बदलावीच लागली. पण एक डीसी दिवा, चार रुपयांचा फ्यूज आणि डिस्टिल्ड वॉटर वेळेवर मिळालं असतं तर ती बॅटरी आणखी दोन वर्षं सहज गेली असती.

म्हणून माझं म्हणणं असं की नव्या संचासाठी पैसे जमवण्याआधी बंद संच चालू करायला पैसे लावावेत. आणि त्याहून आधी, दुरुस्ती करणारं कोणीतरी त्याच डोंगरात तयार करावं आणि सुटे भाग मोलगी आणि धडगावच्या आठवडे बाजारात मिळतील असं बघावं. ज्यांनी प्रत्यक्ष काम केलंय त्यांनी अनुभव लिहा. विरोधी मतंही हवी आहेत.

वायरमन_काका

धागा आवडला. वीज कंपनीत आयुष्य गेलं, निवृत्तीनंतर धुळ्यात सोलरची किरकोळ कामं करतो. तीन गोष्टी लिहितो, पहिली सगळ्यात महत्त्वाची.

हल्ली बाजारात ३३० वॅटची किंवा त्याहून मोठी पॅनल वॅटमागे स्वस्त पडतात, म्हणून देणगीदार तीच घेतात. ही पॅनल घराच्या छतावर ग्रीडला (वीज कंपनीच्या लाइनला) जोडायला बनवलेली, ७२ सेलची. काम करताना त्यांचा दाब ३७-३८ व्होल्ट असतो आणि प्रवाह ९ अँपिअरच्या आसपास. ते पॅनल साध्या पीडब्ल्यूएम प्रकारच्या कंट्रोलरमधून (बॅटरीचं भरणं सांभाळणारा डबा) १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडलं की पॅनल बॅटरीच्या दाबावर खाली येतं. ९ अँपिअर गुणिले १३ व्होल्ट, म्हणजे ११५-१२० वॅट. पैसे ३३० चे आणि वीज शंभरसव्वाशेची! ३६ सेलचं १२ व्होल्टवालं पॅनल घ्या, नाहीतर पॅनलचा जास्तीचा दाब वाया न घालवणारा एमपीपीटी कंट्रोलर घ्या. एमपीपीटी महाग असतो आणि स्वस्तातल्या कित्येक डब्यांवर नुसतं 'एमपीपीटी' छापलेलं असतं, आत पीडब्ल्यूएमच. वजन हातात घेऊन बघा. खऱ्यात कॉइल असते, तो जड लागतो.

दुसरी गोष्ट वायर. आपल्याला २३० व्होल्टची सवय, तिथे बारीक वायर चालून जाते. १२ व्होल्टवर नाही चालत. चार दिवे आणि एक पंखा मिळून ४० वॅट धरले तर सव्वातीन अँपिअर होतात. १ चौरस मिलीमीटरच्या वायरने १५ मीटर लांब नेलं, तर जाऊन-येऊन पावणेदोन व्होल्ट वाटेतच जातात. बॅटरीवर १२ असले तरी दिव्यापाशी सव्वादहाच पोचतात. ४ चौरस मिलीमीटरची वायर टाकली की तोच तोटा अर्ध्या व्होल्टवर येतो. 'दिवे मिणमिणतात, बॅटरी गेली' अशी तक्रार आली की मी आधी वायर बघतो.

तिसरी, जोडायचा क्रम. कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनल, शेवटी दिवे. काढताना बरोबर उलट. बॅटरी सोडवून पॅनल तसंच ठेवलं की बरेच कंट्रोलर उडतात. हे चित्र काढून पेटीच्या झाकणावर आतून चिकटवा. अक्षरं नको, चित्रच.

रानजाई

धागा वाचून राहवलं नाही. मी धडगावच्या पुढे आश्रमशाळेत शिकवते.

पायवाटदादा, तुम्ही जे लिहिलंत त्यात एक भर घालते. दिवाळीनंतर आमच्याकडची निम्मी घरं बंद होतात. लोक ऊसतोडीला, बांधकामावर गुजरातेत नाहीतर खाली पश्चिम महाराष्ट्रात जातात आणि होळीला परततात. होळी आमच्याकडे सगळ्यात मोठा सण, कुठेही असला तरी माणूस होळीला घरी येतोच. पण मधल्या महिन्यांत त्या बॅटरीचं काय होतं? चोरी नको म्हणून लोक पॅनल उतरवून घरात ठेवतात आणि बॅटरी तशीच पडून राहते. होळीला आले की दिवा लागत नाही.

वायरमन_काका

रानजाईताई, हे फार मोलाचं सांगितलंत. लेड अॅसिड (शिसं आणि आम्लाची) बॅटरी न भरता महिनोनमहिने ठेवली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ती पुन्हा पूर्ण भरत नाही. जाताना पाणी भरायचं, दिव्यांची बाजू बंद करायची आणि पॅनल-कंट्रोलर-बॅटरी जोडलेली ठेवायची. चोरीची भीती असेल तर मागे राहणाऱ्या शेजाऱ्याकडे पॅनल-बॅटरी लावून जावी. त्याला चार महिने जास्तीचा उजेड मिळेल आणि बॅटरीही जगेल.

अभ्या_नागपूर

मुद्दा जरा कडवट लागेल, पण स्पष्ट विचारतो. या लोकांना सोलरवर का भागवायला सांगायचं? शहरात आपण गिरणी, मिक्सर, पंप, फ्रिज सगळं चालवतो आणि त्यांना पाच दिवे देऊन 'विद्युतीकरण झालं' असं म्हणायचं? एकदा कागदावर घर 'विद्युतीकृत' झालं की लाइन येण्याची शक्यताच संपते असं मला वाटतं.

पायवाट

@अभ्या, कडवट अजिबात नाही. ही काळजी मलाही आहे आणि लोकांनाही आहे. बिहारमधलं धरणई गाव आठवा. २०१४ मध्ये तिथे ग्रीनपीसच्या पुढाकाराने १०० किलोवॅटचं सौर ग्रीड उभं राहिलं. त्यावर फ्रिज-टीव्ही चालवता येत नव्हते, लोकांनी 'असली बिजली' मागितली. पाठोपाठ सरकारी लाइन आली, ती स्वस्त पडली, लोक तिकडे वळले आणि काही वर्षांत बॅटऱ्या संपून ते केंद्र बंद पडलं. त्यात लोकांचं काय चुकलं? त्यांना जे हवं होतं ते त्यांनी पहिल्या दिवसापासून सांगितलं होतं.

लाइन आलीच पाहिजे आणि तिची मागणी ग्रामसभेत, लेखी, सतत होत राहिली पाहिजे. घरात सौरसंच आहे म्हणून अर्ज अडत असेल तर ते चूक आहे आणि त्यावर भांडायला आम्ही सोबत असतो. पण एका टेकडीवरच्या एका घरासाठी वनजमिनीतून खांब न्यायचे, त्याच्या परवानग्या, पावसाळ्यात दरड येऊन पडलेले खांब पुन्हा उभे करायचे, यात वर्षं जातात. त्या वर्षांत जन्मलेलं मूल शाळेत जायला लागतं. तोवर त्याच्या घरात दिवा हवा. आणि जिथे लाइन आली आहे तिथेही पावसाळ्यात ती आठ-आठ दिवस बंद असते. तेव्हा डीसी दिवेच उपयोगी पडतात. संच वाया जात नाही.

सह्याद्री_सखा

वाचतोय. काकांचा प्रतिसाद वाखु (वाचनखूण) म्हणून साठवला आहे.

मेळघाटी

धारणीकडून लिहितोय. आमच्याकडे कोरकू ढाण्यांवर (वस्त्यांवर) हेच हाल. एक गोष्ट कोणी लिहिली नाही ती लिहितो. संच बसवायची कामं मार्च-एप्रिलमध्ये होतात, कारण तेव्हा रस्ता असतो आणि निधी संपवायचा असतो. त्या वेळी सागाला पान नसतं. बसवणारा बघतो, भरपूर ऊन आहे, घराजवळ खांब ठोकतो आणि जातो. जूनमध्ये सागाला पानं फुटतात, सुपाएवढी, आणि पॅनल सावलीत! पॅनलच्या एका कोपऱ्यावर सावली आली तरी वीज कोपऱ्यापुरती कमी होत नाही, सेल एकामागे एक जोडलेले असल्याने मोठा भाग बंद पडतो. म्हणजे आधीच ढग, त्यात ही सावली. जागा ठरवताना घरच्या माणसाला विचारा, 'पावसाळ्यात दुपारी ऊन कुठे पडतं?' तो बरोबर जागा दाखवतो.

कौलांवर पॅनल टाकू नका. माणूस पुसायला चढला की कौलं फुटतात, मग पॅनल कोणी पुसतच नाही. अंगणात लोखंडी पाइप, दक्षिणेला तोंड, २० ते २५ अंशांचा उतार, हात पोचेल एवढी उंची.

सॅनहोजेकर

अप्रतिम धागा. आम्ही इथली काही मराठी कुटुंबं दरवर्षी थोडी रक्कम बाजूला काढतो. लेड अॅसिडच्या भानगडीत न पडता सरळ लिथियम बॅटऱ्या द्याव्यात का? पाणी घालायला नको, आयुष्य जास्त. मूळ हिशोबही कोणी मांडाल का, एका घराला नेमकं किती लागतं?

पायवाट

हिशोब सोपा आहे. चार दिवे, प्रत्येकी ५ वॅट, रोज पाच तास, झाले १०० वॅट-तास. २० वॅटचा डीसी पंखा आठ तास, १६०. दोन मोबाइल, २०. एकूण २८०. १२ व्होल्ट १०० अँपिअर-तासाच्या बॅटरीत १२०० वॅट-तास मावतात, पण लेड अॅसिड निम्म्याहून खाली उतरवायची नाही, म्हणजे हाताशी ६००. दोन दिवस ढग असले तरी निभतं. १०० वॅटचं पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला तीनशेच्या आसपास देतं, भर पावसात त्याच्या निम्मंही नाही. म्हणून आम्ही पॅनल दुप्पट सुचवतो आणि पावसाळ्यात पंखा बंद ठेवायला सांगतो. तेव्हा गारवा असतो, लोक ऐकतात.

लिथियमच्या बाजूने माझ्या मते सगळ्यात मोठा मुद्दा वजनाचा आहे. १०० अँपिअर-तासाची ट्युब्युलर लेड अॅसिड बॅटरी पस्तीस-चाळीस किलोची. तेवढ्याच क्षमतेची लिथियम फेरो फॉस्फेट बारा-तेरा किलोची. आमच्याकडे ती बॅटरी माणसाच्या डोक्यावरून वर जाते, चढावर, दगडांतून, आत आम्ल हिंदकळत. ज्यांनी ती वाहिली आहे त्यांना हा फरक सांगावा लागत नाही. शिवाय लिथियम ऐंशी टक्क्यांपर्यंत वापरता येते.

पण लिथियम पूर्ण उतरली की तिच्या आतलं संरक्षक सर्किट बॅटरी बंद करतं आणि काही स्वस्त कंट्रोलरना ती पुन्हा जागी करता येत नाही. बॅटरी मेली असं समजून लोक ठेवून देतात. ते जागं करणारं माणूस जवळ हवंच. म्हणजे प्रश्न पुन्हा तिथेच येतो. बॅटरी कुठलीही द्या, दुरुस्ती जवळ हवी. तुमच्या रकमेतून नवे संच घेण्याऐवजी दोन जणांचं वर्षभराचं मानधन, मीटर, क्रिम्पिंगची पक्कड आणि सुट्या भागांचा साठा उभा राहिला, तर कितीतरी जास्त घरांत दिवा लागेल.

सॅनहोजेकर

पटलं. मंडळासमोर तसंच मांडतो. 'अमुक घरांना सोलर दिलं' असा फोटो मिळणार नाही हे आधीच सांगून ठेवतो.

आरोग्यताई

मी आरोग्य उपकेंद्रावर आहे, जिल्हा सांगत नाही. दिव्याचा उपयोग अभ्यासाला होतो असं सगळे लिहितात, ते खरंच आहे. मी रात्रीचं बघते. बाळंतपण रात्री आलं की आम्ही मोबाइलचा टॉर्च लावून तो तोंडात धरून टाके घातले आहेत. पावसाळ्यात मण्यार घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते, खूण दिसत नाही, दुखतही नाही, पहाटे पोट दुखतंय म्हणून आणतात तोवर उशीर झालेला असतो. रात्रभर अर्ध्या वॅटचा एक दिवा जमिनीलगत चालू असेल तर निदान पाय कुठे पडतोय ते दिसतं. माझी विनंती अशी की प्रत्येक संचात एक दिवा असा असू द्या, रात्रभर चालणारा, कमी उजेडाचा. वरच्या हिशोबात तोही धरा.

पायवाट

ताई, अर्धा वॅट बारा तास म्हणजे फक्त ६ वॅट-तास. आजपासून आमच्या प्रत्येक दुरुस्तीत हा दिवा धरतो. मनापासून आभार.

इंद्रावती

भामरागडच्या बाजूने. आमच्याकडे माडिया कुटुंबांना पीएम-जनमनमधून (विशेष दुर्बल आदिवासी जमातींसाठीची केंद्राची योजना) सौरसंच मंजूर होतात. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया या तीन जमाती त्यात आहेत, घरामागे ५०,००० रुपयांपर्यंत तरतूद. रायगड, यवतमाळकडच्या मित्रांनी आपापल्या पाड्यांची यादी ग्रामपंचायतीत तपासून घ्यावी. भिल्ल-पावरा त्यात येत नाहीत, त्यामुळे पायवाट यांच्या भागाला याचा उपयोग नाही.

संच बसवून घेताना देखभालीचा करार कोणाशी आहे, त्याचा फोन नंबर आणि मुदत पॅनलखालच्या पाइपवर रंगाने लिहून घ्या. कागद चुलीत जातो, पाइप राहतो.

वायरमन_काका

बॅटरीच्या पैशांचंही बोला कोणीतरी. बॅटरी चार-पाच वर्षांनी बदलावीच लागणार, दहा हजारांच्या घरात जाते. फुकट मिळालेली पहिली बॅटरी संपली की दुसरी कोण घेणार, हे बसवतानाच ठरलं पाहिजे.

रानजाई

काका, दरमहा वर्गणी आमच्याकडे जमत नाही, कारण दरमहा पैसाच हातात येत नाही. आमच्या पाड्यावरच्या बचत गटाने वेगळं केलं. आमचूर विकलं की उन्हाळ्याच्या शेवटी एकदा आणि ऊसतोडीहून आल्यावर होळीला एकदा, असे दोन हप्ते. वर्षाचे मिळून १८०० रुपये. पाच वर्षांत नऊ हजार होतात, जुन्या बॅटरीचे भंगाराचे पैसे धरले की नवी येते. पैसे गटाच्या खात्यात, घरागणिक नोंद. एका बाईने मध्ये नवऱ्याच्या आजारपणासाठी आपले पैसे काढले, गटाने दिले, पुढच्या आमचुराला तिने भरले. बाहेरच्या संस्थेने वर्गणी गोळा केली असती तर हे झालं नसतं.

दुरुस्ती कोणी शिकायची यावरही बोलते. तरुण मुलगे शिकतात आणि सुरतला जातात, तिथे त्याच कामाला चांगला पगार आहे, त्यांना दोष देता येत नाही. राजस्थानात तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजने मोठ्या वयाच्या, शाळेत न गेलेल्या बायकांना हे काम शिकवलं, रंगांच्या खुणांवरून आणि हाताने करून. त्या गाव सोडून जात नाहीत हे त्यामागचं एक कारण. आमच्या गटातल्या दोघी तयार आहेत. एकीला मराठी जेमतेम येतं, शिकवणाऱ्याने पावरी बोलणारा सोबती आणावा.

आणि शक्य नाही असं कोणी म्हणू नका. आमच्याच तालुक्यात बिलगावला २००३ साली लोकांनी श्रमदान करून, केरळहून आलेल्या अभियंत्यांच्या मदतीने, धबधब्यावर १५ किलोवॅटचा वीजप्रकल्प उभा केला होता. तो चालवत होते गावचेच लोक. २००६ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराच्या पाण्याने तो गेला. यंत्र गेलं, पण ज्यांनी ते चालवलं त्यांतले कितीतरी लोक अजून आहेत. त्यांना विचारा.

वायरमन_काका

ताई, मी येतो. पावरी येत नाही, पण हाताने करून दाखवायला भाषा फारशी लागत नाही. सोबती तुम्ही बघा. गुडघ्यांमुळे वर चढणं जमणार नाही, धडगावपर्यंत येईन, त्यांनी खाली यावं. बंद बॅटऱ्या दोन-तीन आणून ठेवा, नव्यावर शिकवून काही कळत नाही.

पायवाट

मग ठरवूया. होळीच्या आधीच्या बाजारांना सगळे परतलेले असतात, तेव्हा मोलगीला एक टेबल लावू. मीटर, हायड्रोमीटर (बॅटरीतलं आम्ल तपासायला), डिस्टिल्ड वॉटर, डीसी दिवे, फ्यूज, लग (वायरीच्या टोकाला बसवायचे), ४ चौरस मिलीमीटरची वायर, खाण्याचा सोडा आणि व्हॅसलीन. दिवे विकत द्यायचे, फुकट नाही, पण घाऊक भावात. एसी दिव्यांशी गल्लत होऊ नये म्हणून डीसी दिव्याच्या मानेला लाल रंगाचा पट्टा मारून देऊ आणि होल्डरलाही तसाच. रानजाईताईंच्या गटातल्या दोघी टेबलावर बसतील, त्यांना दिवसाचं मानधन.

मेळघाटी

लाल पट्टा भारी. आम्हीही करतो. जुन्या बॅटऱ्यांचं काय करता? आमच्याकडे भंगारवाला आम्ल तिथेच शेतात ओतून नुसतं शिसं घेऊन जातो.

वायरमन_काका

ते अजिबात करू देऊ नका. शिसं विहिरीत उतरतं आणि लहान मुलांच्या अंगात साठतं. बॅटरी न फोडता, आम्लासकट, उभी वाहून आणायची आणि नवी घेताना दुकानदाराला द्यायची. २०२२ च्या नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. वजनावर भाव मिळतो, तोलताना समोर उभे राहा. वाहणाऱ्याला जाड हातमोजे द्या आणि सोबत सोड्याचं पाणी ठेवा, अंगावर उडालं तर आधी भरपूर साध्या पाण्याने धुवायचं, सोडा कपड्यांना आणि जमिनीला. डोळ्यात गेलं तर नुसतं पाणी, पंधरावीस मिनिटं, आणि लगेच दवाखाना.

सह्याद्री_सखा

इतके दिवस नुसता वाचत होतो. नाशिकला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. १० अँपिअरचे ब्लेड फ्यूज, होल्डर आणि लग मी मोलगीच्या टेबलासाठी पाठवतो, पैसे नकोत. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

पायवाट

व्यनि केला आहे. १० च्या जोडीला ५ अँपिअरचेही थोडे पाठवा, लहान संचांना तेच लागतात. होल्डर झाकणवाले असले तर बरं, चुलीच्या धुराने उघडे होल्डर वर्षभरात काळे पडतात.